दर दोन तासांनी आठ मिली

पंपाच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर पहिल्या चार सूचना धुणं, उकळणं, जोडणं आणि दाबणं यांच्या होत्या, त्या मला कळल्या. पाचवी होती, ‘मन प्रसन्न ठेवा, म्हणजे दूध वाढेल.’ ती वाचून मी कागद चुरगाळला आणि खाटेखाली फेकला. पोटावर टाके, पोर पंधरा किलोमीटर लांब काचेच्या पेटीत, आणि कोणीतरी कंपनीतला माणूस मला प्रसन्न राहायला सांगतोय. थोड्या वेळाने सासू झाडायला आली. तिने तो कागद काढला, मांडीवर ठेवून हाताने सरळ केला आणि देवाच्या फळीवर ठेवला. तिला वाटलं, कामाचा असेल. मला त्याचाही राग आला.

तेव्हा मला सगळ्याचाच राग येत होता आणि त्यातला बराचसा अजून शिल्लक आहे. बायका म्हणतात, बाळंतपणातलं सगळं पुढे विसरायला होतं. मला काहीही विसरायला झालेलं नाही.

मी मोहोपाड्याला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही दोघं तिथेच कॉलनीत राहतो. नवऱ्याचं घर कशेळ्याच्या पुढे, भातशेती करणाऱ्यांच्या गावात. मला सातवा संपत आला होता तेव्हा चुलत नणंदेची हळद होती. दोनच दिवस जाऊन येऊ म्हणून गेलो आणि हळदीच्या सकाळीच माझं पाणी गेलं. कर्जतला पोहोचलो, सिझर झालं, मुलगी झाली. दीड किलोलाही भरली नाही. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे तसल्या बाळांची पेटी नव्हती, म्हणून तिला लगेच गावाच्या दुसऱ्या टोकाला, लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं. मी पाहिली ती टॉवेलमध्ये गुंडाळलेली. एक कान आणि अर्धा गाल एवढंच दिसलं.

चौथ्या दिवशी मला घरी सोडलं. घरी म्हणजे सासूच्या घरी. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, आणि कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर ताजे टाके घेऊन एकटीने राहणं शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, दवाखान्याजवळ खोली बघतो. त्यावर सासूने एकच वाक्य टाकलं.

“बारा दिस सुवेर हाय. बाळंतीण उंबऱ्याच्या भायेर जात नाय आमच्याकडं.”

नवरा कारखान्यात शिफ्ट इन्चार्जशी भांडणारा माणूस, पण त्या उंबऱ्याच्या आत त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. माझ्यात तेव्हा उठून बसायचीही ताकद नव्हती, भांडायची कुठून असणार.

मग ठरलं ते असं. मी घरी दूध काढायचं. नवरा सकाळ-संध्याकाळ बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून मोटारसायकलवर कर्जतला न्यायचा. तिथे ते नळीने बाळाच्या पोटात जायचं, कारण तिला ओढता येत नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, इतक्या लवकर आलेल्या बाळाला आईच्या दुधासारखं औषध नाही, निघेल तेवढं पाठवा. निघेल तेवढं. माझं पोर जगवायला मला करता येण्यासारखं हे एवढंच काम होतं.

आणि ते मला जमत नव्हतं. बाटलीचा तळ झाकला की मला हायसं वाटायचं, इतकं कमी.

आमच्याकडे दूध कमी आहे ही बातमी गावात पोहोचायला अर्धा दिवसही लागला नाही. मग बायका यायला लागल्या. सुवेर असलेल्या घरात हात लावत नाहीत, पण ओट्यावर बसून तोंड चालवायला मनाई नसते. एकीने सांगितलं शेपू. दुसरीने सांगितलं शेपू अजिबात नको, बाजरीची भाकर आणि लसूण. तिसरी म्हणाली शहरातल्या पोरींना दूध येतच नाही, खुर्चीत बसून बसून सुकतात. एका चुलत सासूने, भावकीतली म्हणून तिलाही सुवेर होतंच, आत येऊन पंप उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, “ह्यो म्हशीला लावत्यात तसला हाय का गं?” सगळ्या हसल्या. मी चादर डोक्यावरून घेतली. सासू मात्र हसली नाही, हे मान्य करायला हवं. ती आत जाऊन अळिवाची खीर घेऊन आली. अळिवाची खीर, ओलं खोबरं, शेपू, भाकर, लसूण, डिंक, मी सगळं गिळलं. दूध तेवढंच राहिलं.

मी त्यांचं ऐकणं सोडून दिलं आणि काम माझ्या पद्धतीने करायला घेतलं. लॅबमध्ये करते तसं. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी, त्यावर तारीख, वेळ, मिली. पंपाचा प्रत्येक तुकडा वीस मिनिटं उकळायचा. हात कोपरापर्यंत धुवायचे. कारखान्यात टाकीतून नमुना घ्यायचा असला की पहिला माल कधी बाटलीत घेत नाहीत. नळ उघडून थोडा वाहू द्यायचा, पाइपात अडकलेलं निघून जाऊ द्यायचं आणि मग बाटली लावायची. अकरा वर्षं हे करून माझ्या हाताला तसं वळणच पडलंय. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच मी दूध काढण्याआधी दवाखान्यात बेसिनवर, आणि इथे आल्यावर मोरीवर उभी राहून, हाताने दाबून पहिलं थोडं सोडून द्यायची. आत काही साचलेलं, काही अशुद्ध असलं तर ते जाऊ दे. मग खाटेवर बसून बाटली.

सासूच्या ते नजरेला आलं. “मोरीत दूध पडलंय गं,” ती म्हणाली.

“पडू दे. ते टाकायचंच असतं.”

“टाकायचं? का गं?”

“तुम्हाला नाही कळायचं ते, आई.”

तिने तांब्याभर पाणी ओतून मोरी धुतली. पुन्हा कधी विचारलं नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी नवरा कर्जतहून आला तो चेहरा पाडून. बाळाचं दूध वाढवलं होतं, दर दोन तासांनी आठ मिली. म्हणजे दिवसाला शहाण्णव. माझं दिवसभराचं सगळं मिळून सत्तर-बहात्तर होत होतं. हे कमी होतं म्हणून की काय, दुसरी गोष्ट त्याने बूट काढता काढता सांगितली. सिस्टरला दोन बाटल्यांत काळे कण दिसले. तिने त्या ओतून दिल्या आणि बाकीच्याही बाजूला ठेवल्या. बाळाला पावडरचं दूध चालू केलं होतं.

काळे कण, माझ्या बाटलीत, लेबल लावलेल्या! मी पंप उघडला, त्याचं रबर नखाने खरवडून पाहिलं. पातेलं पाहिलं, चिमटा पाहिला, झाकणं एकेक करून पाहिली. काही सापडलं नाही तेव्हा मी नवऱ्यावर घसरले. डबा कुठे उघडलास? रस्त्यावर टेंपोच्या मागे थांबलास का? खडीच्या गाडीमागे चालवलीस ना? तो नाही नाही म्हणत राहिला आणि मी ओरडत राहिले. त्या रात्रीपासून मी उकळणं वीसवरून चाळीस मिनिटांवर नेलं. एका झाकणाचा आकारच गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला की बाळाचं पोट फुगलंय. पावडर सोसली नव्हती. सगळं दूध थांबवून फक्त सलाईनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोट उतरलं की पुन्हा थोडं थोडं सुरू करू, पण चांगलं स्वच्छ, आईचंच हवं. मी पंप लावला. अर्धा तास बसले. एका बाजूला पाच मिली, दुसऱ्या बाजूला तीन. त्या दिवशी सगळं मिळून चाळीससुद्धा झालं नाही. पंप घुर्र घुर्र करत होता आणि मी त्या रिकाम्या बाटलीला शिव्या घालत होते, मोठ्याने, गाव ऐकतंय तर ऐकू दे.

नवव्या दिवशी सकाळी बाटल्या डब्यात भरून दिल्यावर माझ्या लक्षात आलं की एकीवर वेळ लिहायची राहिली. पेन घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सासू चुलीपाशी बसली होती. डबा उघडा होता. एका बाटलीचं झाकण तिच्या मांडीवर होतं आणि ती चुलीतल्या विझलेल्या कोळशाचा कपचा बोटांनी चुरून बाटलीत टाकत होती.

“काय करताय?” मी दारातूनच ओरडले.

ती दचकली, पण लपवालपवी केली नाही. उलट मलाच समजावू लागली. “काय नाय गं. इवलासा टाकत्येय. दूध घराभायेर जातंय, वाटंला तिठा लागतो, मसणवटा लागतो. नजर लागती दुधाला. म्हशीचा चीक कुणाला द्यायचा झाला तरी टाकतो आमी कोळसा. तुजं आधीच कमी येतंय, त्यात कुनाची नजर...”

तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हणाले, तुम्ही माझ्या पोरीला मारायला निघालात. तुमच्या या घाणीमुळे तिला पावडर द्यावी लागली, तुमच्यामुळे तिचं पोट फुगलं. तुमच्यामुळे माझं दूध आटलं. तिला काही झालं तर ते तुमच्या हाताने झालेलं असेल. “यापुढे तिच्या दुधाला हात लावायचा नाही,” मी म्हणाले. “कधीच नाही.”

तिने कोळसा खाली ठेवला आणि बोटं पदराला पुसली. पदरावर काळे ओरखडे उठले. ती काहीतरी बोलेल, आरडाओरडा करेल, सून माजली म्हणून गाव गोळा करेल, असं मला वाटत होतं. मी त्याला तयार होते. ती नुसती त्या बाटल्यांकडे बघत बसली.

मी पंप उचलला आणि तशीच गाऊनवर शाल घेऊन उंबरा ओलांडला. नवरा मागे धावला. कशेळ्यापर्यंत मोटारसायकलवर, टाके हाताने दाबून धरून, आणि तिथून जीपमध्ये पुढच्या सीटवर. ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जीप भरायची वाट न बघता सोडली.

दवाखान्यातली सिस्टर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आणि माझ्याइतकीच तिरसट होती. “नऊ दिवसांनी आलात,” ती म्हणाली. मी सुवेराचं सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. “सगळ्या तेच सांगतात. चपला बाहेर काढा.” तिने मला पेटीपाशी नेलं. माझी मुलगी एवढीशी, डोक्यावर लोकरीची टोपी, नाकात नळी, पोट आता उतरलेलं. तिने पाय ताणला आणि पेटीच्या काचेला टाच टेकवली. मी रडले नाही. मला अजून कोणालातरी झोडपायचं होतं.

“पोट उतरलंय. दुपारपासून सुरू करायचं म्हणतात डॉक्टर,” सिस्टर म्हणाली. “पलीकडच्या खोलीत बसा आणि काढा. ताजंच देऊ.” ती बरोबर आली, कारण तिला माझा पंप बघायचा होता. मी हात धुतले, बेसिनपाशी उभी राहिले आणि नेहमीसारखं पहिलं थोडं दाबून सोडून दिलं.

“हे काय केलंत?”

“पहिलं टाकून द्यायचं ना.”

“कोणी सांगितलं?”

कोणीच सांगितलं नव्हतं. मी तिला लॅबचं सांगायला लागले, पाइप, नमुना, अडकलेला माल. बोलता बोलता मला माझाच आवाज मूर्खासारखा वाटायला लागला.

“कधीपासून टाकताय?”

“पहिल्यापासून.”

“पहिल्या दिवसापासून? ते घट्ट, पिवळं येतं तेव्हापासून?”

मी मान हलवली. पहिले दोन दिवस तर फक्त तेच थेंब येत होते, बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या बेसिनमध्ये. ते गेल्यावर बाटलीत काही यायचं नाही आणि मी म्हणायचे, मला दूधच नाही.

“ते आम्ही सिरिंजने एकेक थेंब धरून ठेवतो, ताई,” सिस्टर म्हणाली. पहिल्यांदाच ती ओरडली नव्हती. “नळीने जात नसेल तर ओठांना लावतो.”

हिशोब करायची मला सवय आहे, आणि तिथे बेसिनपाशी उभ्या उभ्या तो झाला. एका वेळेला अंदाजे तीन मिली. दिवसातून आठ वेळा. चोवीस. आठ मिलीचे तीन घोट रोज मी माझ्या हाताने मोरीत सोडत होते, आणि शहाण्णवला कमी पडत होतं तेही साधारण तेवढंच. सिस्टरने बेसिनचा नळ सोडला, हात धुतले आणि माझ्या छातीवर गरम ओला कपडा ठेवला.

त्यानंतर तिने मला शिकवलं. छातीला लावायचा पंपाचा तो पसरट तुकडा माझ्या मापाला लहान होता, मोठा मेडिकलमध्ये मिळाला. आधी शेक, मग बाहेरून आत बोटांनी चोळायचं, पंप चालू असतानाही दाबत राहायचं. धार थांबली म्हणून उठायचं नाही, आणखी पाच मिनिटं कोरडाच चालवायचा, म्हणजे शरीराला कळतं की आणखी हवंय. दोन-तीन तासांच्या वर खंड पडू द्यायचा नाही. काढायला पेटीजवळ बसायचं. तिसऱ्या दिवशी तिने मुलीला काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर टाकली, आणि बाळ छातीवर असतानाच माझा गाऊन दोन्हीकडून भिजला. नवऱ्याने दवाखान्याच्या मागे एक खोली घेतली. आठवड्याभरात दिवसाला दोनशेच्या वर गेले. प्रसन्न मी एक क्षणही नव्हते. दूध आलं ते रिकामं करत राहिल्यामुळे, आणि काहीही वाया न घालवल्यामुळे.

सासू रोज डबा पाठवायची. भाकर, लसणाची चटणी, खीर. स्वतः एकदाही आली नाही. नवऱ्याला विचारायची, “दूध पुरतंय का तिला?” तो हो म्हणाला की पुढे काही नाही. पंचविसाव्या दिवशी मुलीला सोडलं तेव्हा ती आली आणि काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. मी बाहेर आले, मुलीला तिच्या हातात दिलं नाही. तिने मागितलंही नाही.

आता मुलगी चार वर्षांची आहे. धडधाकट आहे, तोंडाळ आहे, माझ्यावर गेलीय. सणाला, सुट्टीला आम्ही गावी जातो. आजीवाचून तिचं पान हलत नाही. आजी तिला न्हाऊ घालते, भात भरवते, बांधावर नेते, पाठीवर घेऊन ओढा ओलांडते. पण दूध ती देत नाही. म्हशीचं दूध काढते, तापवते, गाळते, पेल्यात ओतून सायही बाजूला करते, आणि मग पेला ओट्यावर ठेवून मला हाक मारते. “दूध तेवढं तू दे गं तिला.” पहिल्यांदा मला वाटलं टोमणा आहे, आणि मीही तसाच फणकाऱ्याने दिला.

गेल्या दिवाळीत मी अंघोळीला गेले होते. केस पुसत आले तर मुलगी आजीचा पदर ओढत होती आणि भूक लागली म्हणून भोकाड पसरलं होतं. पेला ओट्यावर भरलेला होता. सासू त्याच्यापासून दोन हात लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून. “थांब गं माजी बाय,” ती सांगत होती, “आय यील तुजी. आय दील.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तिने दोन बाटल्या नासवल्या होत्या. मी पहिल्या थेंबापासून नऊ दिवस ओतत होते, आणि मोरीत दूध पडलंय हे त्या घरात एकट्या तिने मला सांगितलं होतं. सिस्टरने काय विचारलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझं दूध आपल्या हाताने आटलं असं ती चार वर्षं धरून बसली आहे, आणि मी तिला बसू दिलंय.

मी पेला उचलला आणि मुलीला दिला. सासूने हात पुढे घेतले आणि भांडी घासायला बसली.